मापाच्या वहीतला अर्धगोल

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय बारके,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इकडे सगळं ठीक, म्हणजे मी आणि माझं मशीन. दोघंही कुरकुरतो, पण चालतो. उत्तराला पाच दिवस लागले म्हणून तोंड फुगवू नकोस. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. एकशे चाळीस शर्ट, आणि एकाही पोराची बाही दुसऱ्याच्या बाहीएवढी नाही.

ठमीला सांग, मावशीची पत्रं वाचून दाखवायची तर सरळ वाचायची. ती म्हणे माझ्या आवाजात वाचते, आणि तू हसलीस की टाके दुखतात. कार्टी आईवर गेलीय. बरं, वाचू दे तिला. हसून दुखले तर दुखू देत.

केस गळायला लागले म्हणून लिहिलंस. सोबत तीन टोप्या पाठवतेय. मऊ सुती कापड आहे, आणि शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवलीय, म्हणजे डोक्याला टोचणार नाही. कुणी म्हणालं, बाई, टोपी उलटी घातलीत, तर सांग, माझी बहीण शिंपीण आहे, शहाणपणा तिला शिकवा. निळी टोपी बाहेर जाताना, पिवळी घरात. पांढरी का शिवली ते मलाच माहीत नाही, कापड उरलं होतं.

ऑपरेशनच्या वेळी मला येता आलं नाही याची रुखरुख आहे. नेमकी कंबर धरली. तू पत्रात त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, म्हणून मला जास्तच लागलं. या महिन्यातही अवघड दिसतंय. गणवेश संपले की बघू.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर आधी कळलं असतं तर कदाचित थोडक्यात भागलं असतं, सगळं काढावं लागलं नसतं. तू ते वाक्य पत्रात दोनदा लिहिलंस. नको गं ते घोकत बसूस. तुझ्या हाताला गाठ लागलीच नव्हती, तर तू काय करणार? शाळेच्या आवारात तपासणीची गाडी आली, बाकीच्या बाया लाजून मागे सरत होत्या, आणि मुख्याध्यापिका म्हणून तू पहिली रांगेत उभी राहिलीस. म्हणून तर कळलं. तुझ्या मागून एकवीसजणी गेल्या ना? त्यातल्या दोघींना पुन्हा बोलावलं, पण काही निघालं नाही, हेही तूच लिहिलंस. मग झालं तर. तू केलंस ते चांगलंच केलंस.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक आईची. आईला छातीचंच दुखणं होतं गं. तिला खोकला नव्हता का? बावीस वर्षं झाली, कोण काय लक्षात ठेवतंय. डॉक्टरीणबाईंना सांग, तसलं काही घरात नव्हतं.

दुसरी माझ्या तपासणीची. सख्ख्या बहिणीला झालं म्हणजे मी करायलाच हवी, वगैरे. बाई गं, झाली ती. गेल्याच आठवड्यात जाऊन आले. सगळं ठीक आहे. आता तो विषय बंद.

जेवतेस ना नीट? तोंडाला चव नसली तरी चार घास ढकलत जा. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, स्वयंपाकघरात मीठ कुठे असतं हे या वयात तरी शोधून काढ.

तुझी लाडकी
ताई

ता. क. ते गर्द निळं जाकीट आता एका बाजूला ढगळ होईल, तुला पाठवू का, असं विचारलंस. नको पाठवूस. राहू दे कपाटात.

---

मंगळवार, २ डिसेंबर

बारके,

हे पत्र ठमीला वाचायला देऊ नकोस. आधी तू वाच, एकटीनं, बसून. मग तिला दे. द्यायचंच आहे तिला, पण तुझ्यानंतर.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ठणठणीत आहे हे वाचून तू रडलीस म्हणे. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलंस, माझी ताई सुटली. बारके, ते वाक्य वाचलं आणि मी पत्र मशीनच्या खणात घालून टाकलं. पुन्हा काढलं ते काल. तेव्हा पुढचा कागद वाचला. डॉक्टरीणबाईंनी ठमीला म्हणे भेटायला बोलावलं होतं, घरातली सगळी हकीकत घेऊन. आणि ही कार्टी म्हणाली, आजीला नव्हतं, मावशीला नाही, एकट्या आईलाच झालंय, मग मला कसली घाई? नव्या नोकरीतून सुट्टी मिळत नाही. पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी! हे ती माझ्या भरवशावर बोलली.

मी तपासणी केलेली नाही. गेले नाही, नाव नोंदवलं नाही, दवाखान्याची पायरीसुद्धा चढले नाही. तुला धादांत खोटं लिहिलं. सत्तावन्न वर्षांची बाई मी, आणि शाळेतल्या पोरीसारखी गृहपाठ केलाय म्हणून सांगितलं. तेही मुख्याध्यापिकेला.

हे वाचून तू चिडशील, मग थोड्या वेळानं म्हणशील, घाबरली असेल बिचारी. थांब, इतक्यात कीव करू नकोस. अजून आहे.

आईला खोकला नव्हता. आईला तेच होतं, जे तुला झालं.

तू तेव्हा लग्न होऊन लांब राहत होतीस, ठमी पाच वर्षांची. तुला कळवायचं नाही, असं आईनं माझ्याकडून वदवून घेतलं. डॉक्टरकडे ती गेली तीच फार उशिरा. गाठ तिला दोन वर्षं माहीत होती. दोन वर्षं गं! परक्या माणसाला कशी दाखवू, म्हणून ती गप्प बसली. सगळ्यांना सांगायचं छातीचं दुखणं, म्हणजे खोटंही नाही आणि कुणी पुढे विचारतही नाही. मला मात्र तिनं दाखवलं, कारण तिला माझी गरज होती. डावी बाजू आत ओढली गेली होती आणि तिचे कपडे नीट बसत नव्हते.

आई कशी होती तुला माहीत आहे. शहरातल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या हाताखालून गेली. कुणाची पाठ वाकडी, कुणाचा एक खांदा खाली, पण तिच्या हातचा कपडा घालून बाई बाहेर पडली की सरळ दिसायची. तिचा एक नियम होता. पडद्याआड बघितलेलं पडद्याबाहेर आणायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही, त्या बाईशीदेखील नाही. वहीत फक्त खूण करायची. खाली पडलेल्या खांद्याला तिरपी रेघ, पोक असेल तर टिंब, आणि छातीला एका बाजूनं भर द्यायचा असेल तर छोटासा अर्धगोल. बाईला कळूही द्यायचं नाही की आपण तिचं व्यंग झाकलंय. ती म्हणायची, यालाच कसब म्हणतात.

तिनं मला पॅड करायला शिकवला तो स्वतःसाठी. अस्तराचं कापड दुहेरी घ्यायचं, आत पिंजलेला कापूस, कडेला पातळ आणि मध्ये जाड. वहीत तिच्या नावापुढे तो अर्धगोल मी काढला. शेवटचे सात महिने ती तो पॅड घालूनच गिऱ्हाइकांसमोर बसली. कुणालाही कळलं नाही. मला तेव्हा अभिमान वाटला होता, बारके. आपल्या हाताचा अभिमान.

आता तुझ्या जाकिटाकडे येते. याच्यासाठीच मी गेलं दीड वर्ष तुझ्यासमोर यायचं टाळतेय. कंबर वगैरे काही धरलेली नव्हती.

गेल्या वर्षीचा जून. तुला मुख्याध्यापिका केलं होतं, आठ दिवसांवर समारंभ, आणि तू कापड घेऊन माझ्याकडे धडकलीस. ताई, असं शिव की त्या गणिताच्या मास्तरांची बोलती बंद झाली पाहिजे. आठवतंय? मी तुला पडद्यामागे नेलं. तू अंगातलं काढलंस, हात वर केलेस आणि बडबडत राहिलीस. मी टेप लावली. डावीकडे बोंडाच्या खाली कातडी आत ओढलेली. कापडातला एक धागा ओढला गेला की बाजूला चुणी पडते ना, तसंच. आणि बोंडही जरासं आत वळलेलं. काखेच्या मुंढ्यापासून मधोमध मोजलं तर डावी बाजू उजवीपेक्षा अर्धा इंच कमी.

तू विचारलंस, काय गं, एकदम गप्प का झालीस?

मी म्हणाले, तोंडात टाचण्या आहेत, दिसत नाही का?

तोंडात खरंच टाचण्या होत्या. त्या काढून हातात घ्यायला किती वेळ लागतो? मी नाही काढल्या.

आधी मी हे असं लिहिणार होते की मला वाटलं वयामुळे असेल. तसा कागद लिहिलाही काल. फाडला. बारके, मला तसं वाटलं नव्हतं. मी ओळखलं होतं. तुझ्या घरात, तुझ्या शाळेत, एवढ्या मोठ्या गावात ते ओळखू शकणारी एकटी मीच होते, कारण मी ते एकदा जवळून बघितलेलं होतं. टेपेचं टोक हातातून सुटलं माझ्या. तू खाली वाकून उचलून दिलंस आणि म्हणालीस, म्हातारी झालीस.

आणि मग मी काय केलं? वही उघडली, तुझं माप लिहिलं आणि पुढे अर्धगोल काढला. घरी जाऊन पॅड केला. आईच्या पद्धतीनं, कडेला पातळ, मध्ये जाड. डावीकडचा टक्स, ती छातीजवळची शिवलेली चुणी, पाव इंच सरकवला. तू घालून आरशासमोर उभी राहिलीस, बाजूनं वळून बघितलंस आणि म्हणालीस, ताई, तुझ्या हातात जादू आहे. मी म्हणाले, पैसे काढ. आपण दोघी हसलो.

समारंभ होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं होतं. समारंभ झाला. मग म्हटलं, शाळा सुरू झालीय, नवी जबाबदारी, स्थिरस्थावर होऊ दे. मग दिवस गेले, आणि आता सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. मग ते मनातच दाबून टाकलं. काही नसेलच, असं स्वतःला इतक्यांदा सांगितलं की कधीकधी खरंही वाटायचं. आईला दिलेला शब्द होता, हेही खरं. पण आई जाऊन बावीस वर्षं झाली, तिच्या नावावर किती दिवस खपवायचं? तुझं सांगायचं म्हटलं तर मला माझंही बघायला लागलं असतं. मी अंघोळीला गेले की दिवा लावत नाही, हे तुला माहीत नाही. आई गेल्यापासून लावत नाही. रोज दहा बायकांची छाती मोजते मी, स्वतःची कधी डोळे उघडून बघितली नाही.

आणखी एक सांगते, मग मला वाटेल ते बोल. समारंभाचे फोटो तू पाठवलेस. तुझ्या शाळेतल्या बायकांनी विचारलं म्हणे, जाकीट कुठे शिवलं? किती नेटकं बसलंय! मला तेव्हा बरं वाटलं होतं. तुझ्या छातीत ते वाढत होतं, आणि मी फोटो गल्ल्याच्या वर लावला, गिऱ्हाइकांना दिसावा म्हणून. काल काढला तो.

वर्षभर आधी कळलं असतं तर. तू दोनदा लिहिलेलं ते वाक्य. वर्षभर आधी कळलं होतं, बारके. फक्त तुला नाही.

मला माफ कर म्हणायची लाज वाटते, म्हणून म्हणत नाही. पण ठमीला उद्याच्या उद्या पाठव. डॉक्टरीणबाईंना सांग, तिच्या आजीला होतं, नक्की होतं, मावशीनं डोळ्यांनी बघितलंय. मावशीची तपासणी झालेली नाही, हेही सांग. सुट्टी मिळत नसेल तर तिच्या साहेबाला मी फोन करते. मला भांडता येतं.

ताई

---

बुधवार, १४ जानेवारी

मुख्याध्यापिकाबाईंस,

सप्रेम नमस्कार. आपलं पार्सल पोचलं. पाच आठवडे मी रोज पोस्टमनची वाट बघत होते. तो बिचारा मला बघितलं की लांबूनच मान हलवायचा. परवा हसत आला आणि एवढं मोठं पुडकं हातात दिलं. उघडलं तर गर्द निळं जाकीट. पत्र शोधलं, झटकून बघितलं. खिशात चिठ्ठी निघाली, शाळेच्या छापील कागदावर.

“शिंपीणबाई, डाव्या बाजूचा पॅड काढावा. नवीन माप घ्यायला स्वतः यावं. येताना तपासणीचा कागद आणावा. कागदाशिवाय येऊ नये.”

खाली सही. पूर्ण, वळणदार, जशी तू रजेच्या अर्जावर करत असशील. ताई नाही, बारकी नाही, काही नाही. मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते सांगत नाही. पण तू स्वतः यावं म्हणालीस. कापड दुसऱ्या शिंप्याकडे टाकलं नाहीस. तेवढं मी धरून बसलेय.

तर ऐका, बाई.

त्याच दिवशी दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि गेले. पाटीवर लिहिलं, तपासणीला गेले आहे, चारला येते. आधी नुसतंच लिहिलं होतं, बाहेर गेले आहे. मग पुसून नीट लिहिलं.

तिथे एक तरुण बाई यंत्रावर होती. तिनं विचारलं, यापूर्वी कधी केली होती? मी म्हणाले, कधीच नाही. घरात कुणाला? मी म्हणाले, आई. बहीण. बावीस वर्षांत आईचं हे मी पहिल्यांदा तोंडानं बोलले, आणि त्या बाईनं नुसतं लिहून घेतलं. मान वरसुद्धा केली नाही. मला वाटत होतं, आभाळ कोसळेल.

मग ती म्हणाली, कपडे काढा, पुढे या, हात इथे ठेवा, खांदा सैल सोडा, श्वास रोखा. अगं, ही सगळी माझीच वाक्यं! मी आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगत आले. आयुष्यात पहिल्यांदा माझं माप कुणीतरी घेत होतं, आणि मी अंग चोरून उभी. ती म्हणाली, बाई, अंग चोरलंत तर चित्र नीट येणार नाही. थंडगार पट्टी, वरून दाबते, चिमटा काढल्यासारखं दुखतं आणि तू दहा मोजेपर्यंत सोडते. एकेका बाजूला दोनदा. संपलं. इतकंच. एवढ्यासाठी मी तुझ्याशी खोटं बोलले, आणि आईनं जीव घालवला. बाहेरच्या बाकावर बसून मी इतकी रडले की शेजारच्या म्हातारीनं मला आपला रुमाल दिला. तिला वाटलं, माझं काही वाईट निघालंय.

कागद काल मिळाला. सोबत पाठवतेय. मूळ कागद, नक्कल नाही. त्यात काय लिहिलंय ते मी इथे सांगत नाही. माझ्या शब्दावर तुझा विश्वास नको. तू स्वतः वाच, डॉक्टरीणबाईंना दाखव. एवढंच सांगते की वाचल्यावर तुला रडायचं कारण पडणार नाही, आणि खाली शेवटच्या ओळीत पुढच्या वर्षीची तारीख दिलीय, ती मी चुकवणार नाही. ती तारीख मी मापाच्या वहीत लिहिलीय. वहीत माझं पान नव्हतंच कधी. आता आहे. आईच्या पानाच्या मागच्या बाजूला.

ठमीचा फोन आला होता. तूच तिला पत्र वाचायला दिलंस, असं म्हणाली. मग म्हणाली, मावशी, मी जाऊन आले, आता दर वर्षी जायचंय, आणि तू मला लहानपणापासून कितीदा खोटं बोललीस त्याची यादी करतेय. मी म्हटलं, कर. तुझ्या बाहुलीचं डोकं मीच मशीनखाली चिरडलं होतं, तेही लिही. तेव्हा कुठे जराशी हसली.

पार्सल यायच्या आधी आणखी एक घडलं होतं, ते सांगायलाच हवं. आपल्या कोपऱ्यावरची बेकरीवाली कोटाच्या ट्रायलला आली होती. हात वर केले तर उजवीकडे काखेखाली हाताला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. तोंडात टाचण्या होत्याच. पूर्वीसारखं असतं तर वहीत एक खूण झाली असती आणि कोट तिथे जरा सैल केला असता. मी टाचण्या थुंकल्या. खरंच थुंकल्या, जमिनीवर, त्यातली एक अजून सापडत नाहीये. म्हटलं, बाई, इथे गाठ आहे. उद्या डॉक्टरकडे जायचं.

ती लालबुंद! म्हणाली, तू शिंपीण आहेस की डॉक्टर? माझ्या अंगावर कशाला डोळा ठेवतेस? अर्धवट शिवलेला कोट ओढून घेतला, बाहीला दोरे लोंबत होते, आणि तरातरा निघून गेली. दोन दिवसांत अख्ख्या गल्लीत झालं की माझं डोकं फिरलंय, मी बायकांना घाबरवते. तिघींनी कपडे परत नेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आई असती तर तिनं मला दुकानातून हाकलून दिलं असतं.

नवव्या दिवशी बेकरीवाली परत आली. कोट माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाली, पाण्याची गाठ होती, सुईनं काढली, काही नाही झालेलं, माझ्या जिवाला उगाच घोर लावलास. मी म्हटलं, चांगलंय, बाही कुठवर हवी? मग ती पडद्यामागे गेली आणि तिथूनच हळूच विचारलं, माझी जाऊ पण तुझ्याकडे शिवते ना? तिचंही जरा बघशील का? मी म्हटलं, मी कशाला बघू, मला काय कळतंय, यंत्रवाली बघेल. मी फक्त पाठवते. पडद्याच्या आतल्या बाजूला आता मी तपासणीच्या जागेचा पत्ता लावलाय. कपडे काढून उभ्या राहिलेल्या बाईला दुसरं काही वाचायला नसतं. वाचतात.

आता जाकिटाचं. पॅड काढला. टाके इतके बारीक घातले होते की काढायला तासभर लागला, आणि प्रत्येक टाक्याला मी स्वतःला शिव्या दिल्या. पॅड टेबलावर ठेवलाय. चांगला झालाय, हेच वाईट. टाकून द्यायचा की आणायचा ते तू सांग. डावी बाजू तशी सपाट ठेवायची असेल तर सपाट शिवीन, भर द्यायचा असेल तर देईन, पण तू सांगशील तशी, तुझ्यासमोर, तुला विचारून. तुझ्या अंगावरचं काहीही मी आता तुझ्यापासून झाकणार नाही. आणि तू हात वर केलेस आणि मला पुन्हा कुठे काही वेगळं दिसलं, तर तोंडात टाचण्या असोत नाहीतर घास असो, मी बोलेन. माझा राग राग केलास तरी बोलेन.

पुढच्या गुरुवारी, बावीस तारखेला, सकाळच्या गाडीनं निघतेय. संध्याकाळी पाचच्या सुमारास दारात असेन. टेप, खडू आणि वही घेऊन येतेय. वहीत आईचं पान आहे, तुझं आहे, माझं आहे. तू मागितलंस तर दाखवीन, फाडायचं म्हणालीस तर कात्रीही आणतेय. टाचण्या आणत नाहीये. लागल्या तर तुझ्याकडच्या घेईन, हातात धरीन.

माप घेऊन झालं की लगेच परतीची गाडी आहे, तेही बघून ठेवलंय. राहायला सांग म्हणत नाही. ताई म्हणून आत यायचं की नाही, ते मी दारात उभी राहून तुला विचारीन. तू हो म्हणेपर्यंत मी आपली,

आपली आज्ञाधारक
शिंपीण